पांढऱ्या गुलाबाचा परफ्यूम अंगावर किती टिकतो? सोलापूरकरांनी सांगा

सातरस्ता_सई

मंडळी, धागा परफ्यूमवर आहे. 'ही कसली श्रीमंती' म्हणणाऱ्यांनी सरळ पुढच्या धाग्यावर जावं. (कडक_भाकरी, तुम्हालाच म्हणतेय.)

भाचीने विलायतेहून पांढऱ्या गुलाबाचा परफ्यूम पाठवलाय. ओ द ट्वालेट, म्हणजे हलक्या स्प्रेच्या प्रकारातला आहे, एका जुन्या इंग्रजी घराण्याचा. नाव मुद्दाम देत नाही, कारण मला जाहिरातही करायची नाही आणि तक्रारही. खोक्यावर लिहिलंय ते असं: हिरवी पानं, कार्नेशन, व्हायोलेट, आयरिस, जाई, गुलाब, खाली अंबर आणि मस्क.

आता अंगावर काय होतं ते सांगते. मनगटावर मारला की आधी कोवळा देठ नखाने मोडल्यावर येतो तो कच्चा हिरवा वास, आणि सोबत भारीतल्या साबणाचा स्वच्छपणा. मग गुलाब येतो. पण आपल्या ओळखीचा गुलाब नाही हो तो. गुलकंदातला नाही, सरबतातला नाही, हळदीकुंकवाच्या गुलाबदाणीतलाही नाही. त्यात मध नाही, पिकलेपण नाही. थंड आहे, जरा अलिप्त. त्यानंतर पावडरीचा मऊपणा, आणि मग गायब. सकाळी दहाला मारला तर बाराच्या आत माझ्या नाकाला काही म्हणजे काही लागत नाही. आमचे अहो म्हणतात, 'येतोय की मंद.' पण चहा मिळेपर्यंत ते कशालाही हो म्हणतात.

तर प्रश्न असे. वास खरंच उडून जातो, की मलाच येईनासा होतो? होळी झाली की माझी त्वचा इतकी कोरडी पडते की कोपरापर्यंत पांढऱ्या रेघा उमटतात, त्याचा काही संबंध? अंगावर मारावा की कपड्यावर? आणि 'पांढरा गुलाब' म्हणजे खरोखर पांढऱ्या फुलांचा अर्क काढतात का?

---

कडक_भाकरी

काय की ओ सईताई, आल्या आल्या आमचंच नाव. एप्रिलात भर दुपारी आम्ही नवी पेठेत गाडी लावायला जागा शोधूलालाव तवा अंगाला जो वास सुटतो, त्यापुढं विलायतेचा गुलाब काय टिकतो बे. पण वाचूलालोय. लिवा.

---

रसायन_मास्तर

सई, शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण बाकीच्यांची उत्तरं त्यातच आहेत.

बाजारातल्या बहुतेक 'व्हाइट रोझ'मध्ये पांढऱ्या गुलाबाचं तेल नसतं. सुगंधासाठी जगात मुख्यतः दोन गुलाब पिकवतात. एक दमास्क गुलाब: बल्गेरियात कझानलिकच्या खोऱ्यात, तुर्कस्तानात इस्पार्ताला, इराणात काशानकडे, आपल्याकडे हाथरस-अलीगढ पट्ट्यात आणि पुष्करला. दुसरा सेंटिफोलिया, फ्रान्सच्या ग्रासचा. दोन्ही गुलाबीच. पांढरा म्हणजे रोझा अल्बा. तो बल्गेरियात आहे, दमास्कच्या शेतांना त्याचं कुंपण घालायची जुनी पद्धत आहे. पण त्याचा उतारा कमी. दमास्कचीच साडेतीन-चार हजार किलो फुलं शिजवावी तेव्हा कुठे किलोभर तेल हाती येतं, अल्बाला त्याहून जास्त लागतात. तेव्हा अल्बाचं तेल निघतं, पण थोडं, आणि परवडणाऱ्या बाटलीत ते शोधू नये.

मग बाटलीत असतं काय? रचना. परफ्यूम करणारा गुलाबाचे सुटे भाग घेतो आणि त्यातून हवा तो गुलाब उभा करतो. गुलाबाच्या तेलात तीनशेहून अधिक घटक सापडलेत. त्यात सिट्रोनेलॉल, जिरॅनिऑल आणि नेरॉल हे तिघे प्रमाणाने मोठे. बीटा-डॅमासेनोन हा एक घटक तेलात ०.१ टक्क्याच्या आसपास, म्हणजे नगण्य, पण पिकल्या फळासारखी जी खोली गुलाबाला येते तिच्यात त्याचा वाटा मोठा. युजेनॉल, जे लवंगेत असतं, ते मसालेदार कड देतं. लाल, मधाळ गुलाब हवा असेल तर हे शेवटचे दोन चढवायचे. पांढरा हवा असेल तर डॅमासेनोन आवरायचं, आणि हिरवेपणा, अल्डिहाइड (साबणासारख्या स्वच्छ वासाची द्रव्यं), व्हायोलेट, मस्क वाढवायचं. कार्नेशनमुळे लवंगेची किंचित झाक राहते, तेवढीच. तुम्हाला 'मध नाही, पिकलेपण नाही' असं जाणवलं ना, ते करणाऱ्याने ठरवून गाळलेलं आहे. नाक चांगलं आहे तुमचं.

साबणाचा वास आला तो अल्डिहाइडचा. या कुटुंबातले काही रेणू साबणातही वापरतात, म्हणून मेंदू लगेच 'स्वच्छ' म्हणतो. १९२१च्या शनेल नंबर फाइव्हमुळे ते परफ्यूममध्ये गाजले. मोडलेल्या देठाचा वास देणारं एक ठरलेलं द्रव्य म्हणजे सिस-थ्री-हेक्झेनॉल, गवत कापल्यावर हवेत जे पसरतं तेच. ते फार हलकं, झटकन उडतं. गुलाबाचे मुख्य घटक त्यापेक्षा जड, ते काही काळ थांबतात. मस्कचे रेणू सगळ्यात मोठे आणि आळशी. म्हणजे तुमच्या मनगटावर जे घडतं तो वजनाप्रमाणे ठरलेला निघण्याचा क्रम आहे. चाळिशीपार तापमानात तो क्रम तोच राहतो, फक्त गाडी जलद होते.

---

धुळेकर_सून

मास्तरांनी जिरॅनिऑल म्हटलं म्हणून माहेरचं सांगते. आमच्या खानदेशात रोशा गवत होतं, डोंगरउतारावर. त्याच्या तेलात बहुतांश जिरॅनिऑलच. हे तेल मुंबईच्या बंदरातून अरबस्तानमार्गे तुर्कस्तानात जायचं आणि तिथे गुलाबाच्या तेलात मिसळलं जायचं. इतकं, की युरोपात आपल्या रोशा तेलाला 'टर्किश जिरॅनियम ऑइल' असं नाव पडलं. गवत खानदेशचं, नाव तुर्कांचं, भाव गुलाबाचा! सासरी आल्यावर सोलापुरात कुणाला हे माहीत नव्हतं, म्हणून लिहून टाकलं.

---

फाया

अस्सलाम आणि नमस्कार. आमचं तीन पिढ्यांचं अत्तराचं काम, विजापूर वेशीत. रमजानमध्ये मीना बाजार लागतो तेव्हा 'सफेद गुलाब है क्या' हा प्रश्न रोज येतो, म्हणून बोलतो.

सईताई, तुमच्याकडे आहे तो स्प्रे, म्हणजे बहुतांश अल्कोहोल. ओ द ट्वालेटमध्ये सुगंधी तेल साधारण पाच ते पंधरा टक्के असतं. अल्कोहोल उडताना वास उचलून हवेत फेकतं, म्हणून पहिला भर मोठा वाटतो. अत्तरात अल्कोहोल नसतं. कन्नौजमध्ये देग-भपक्यावर (फुलं शिजवून वाफ धरायची जुनी भांडी) गुलाब काढतात तेव्हा वाफ थेट चंदनाच्या तेलात उतरवतात. तो वास ओरडत नाही, कातडीला धरून बसतो. पण खरं सांगायचं तर चंदन इतकं महागलंय की स्वस्त अत्तराचा बेस आज चंदन नसतो, लिक्विड पॅराफिन असतं नाहीतर आणखी काही. आणि ज्या कुपीवर 'सफेद गुलाब' लिहिलेलं असतं ती रचनाच असते, मास्तर म्हणाले तशी. आम्ही विचारणाऱ्याला तसं सांगतो. न विचारणाऱ्याला कोण सांगतं?

गुलाबाच्या तेलाची गोष्ट जहांगीर बादशहाने आपल्या आठवणींत लिहिलीये. नूरजहाँची आई गुलाबपाणी करत असताना गरम पाण्यावर साय धरली. ती तिने थोडी थोडी करून गोळा केली. तळहातावर एक थेंब चोळला तर अख्खी मैफल दरवळते, असं बादशहा म्हणतो, आणि त्याला इत्र-ए-जहांगिरी नाव पडलं. तो गुलाब मात्र पांढरा नाही, भरजरी. तुमच्या परफ्यूमखाली कुणी 'टिकेल' म्हणून गुलाबाचं अत्तर लावायला सांगितलं तर ऐकू नका. अत्तर त्याला गिळून टाकेल.

लावायची जागा म्हणाल तर जुने लोक कानाच्या वरच्या घडीत फाया ठेवायचे ते उगीच नाही. तिथे ऊन कमी लागतं, हात धुताना वास जात नाही. हळदीकुंकवाला बायका हाताच्या पाठीवर अत्तर लावतात, तीही चांगली जागा. तळहात आणि मनगट दिवसभर नळाखाली जातात. (आपल्याकडे नळाला पाणी चार-पाच दिवसांआड, त्यामुळे तेवढा फायदा आहेच.)

---

कडक_भाकरी

फायाभाई, पाण्याचा विषय काढलाव, आता धागा चारशे प्रतिसादावर जातो बगा.

---

पूर्वभाग_अक्का

कपड्याचं मी सांगते, कारण आमच्या घरी टॉवेलचे माग आहेत.

दुकानात परफ्यूम दाखवताना कागदाची पट्टी देतात ना, ती कापसाच्या सख्ख्या बहिणीसारखी आहे. दोन्हीत सेल्युलोजच. म्हणजे पट्टीवर जो वास आवडून बाटली घेता, तो टॉवेलवर तसाच येईल, कातडीवर येईलच असं नाही. कापड गरम नसतं, घाम नसतो, तेल नसतं. त्याच्यावर हिरवा आणि साबणाचा वास कितीतरी जास्त वेळ राहतो. करून बघा: जुना, पुष्कळदा धुतलेला सुती नॅपकिन घ्या. नवा कोरा घेऊ नका, त्याला खळीचा वास असतो आणि तो नाजूक गुलाबाला जगू देत नाही. त्यावर एकदा, मनगटावर एकदा मारा. नॅपकिन वेगळ्या खोलीत ठेवा. सुगंधी साबण, डिटर्जंटचा सेंट, फॅब्रिक कंडिशनर हे सगळं त्या दिवशी बंद.

आमच्या अम्मा लग्नाच्या साडीवर कधी अत्तर लावू द्यायच्या नाहीत, पदराच्या आत सुती रुमाल ठेवून त्याला लावायच्या. रेशीम महाग, रुमाल स्वस्त, एवढंच कारण.

---

स्किनवाली_डॉक्टर

सई, कोरडेपणाचा संबंध आहे आणि तो साधा आहे. त्वचेवरचं तेल सुगंधी रेणूंना धरून ठेवतं. तेल नसेल तर ते लवकर सुटतात. अंघोळीनंतर पाच मिनिटांत, अंग दमट असतानाच, बिनवासाचं मॉइश्चरायझर लावा आणि ते जिरल्यावर त्यावर परफ्यूम. पेट्रोलियम जेलीचं अगदी पातळ बोट फिरवलं तरी चालतं. खोबरेल नको, त्याला स्वतःचा वास आहे. आणि करडईचं तेल लावून परफ्यूम मारलेला एक रुग्ण मी पाहिलाय, त्याबद्दल अधिक बोलत नाही.

आता जे कुणी विचारलं नाही ते. मानेवर मारून उन्हात जाऊ नका. बर्गमॉटसारख्या काही लिंबूवर्गीय तेलांत बर्गाप्टेन असतं. ते त्वचेवर असताना ऊन लागलं की तपकिरी ओघळ उमटतात आणि महिनोन्महिने जात नाहीत. हल्ली ते काढून टाकलेली तेलं वापरतात, पण बाटलीत काय आहे हे तुम्हाला घरबसल्या कळणार नाही. कपड्याखाली, उन्हाआड मारा. दुसरं म्हणजे जिरॅनिऑल, सिट्रोनेलॉल, युजेनॉल ही गुलाबाची मंडळी काहींना पुरळ आणतात. युरोपात ती खोक्यावर वेगळी छापावी लागतात ती त्यासाठीच. कोपराच्या आतल्या बाजूला थोडंसं लावून दोन दिवस वाट पाहा. एक्झिमा असेल तिथे तर अजिबात नको. घामोळ्यांवर मारणारेही असतात. अल्कोहोल झोंबतं तेव्हा 'काम करतंय' म्हणतात.

---

शुद्ध_देशी

सगळे एवढं केमिकल केमिकल करताय, ते अंगावर लावायचंच कशाला? देवळाबाहेरून गुलाब घ्या, केसात माळा. नैसर्गिक ते नैसर्गिक. हे कृत्रिम सगळं विष आहे.

---

रसायन_मास्तर

शुद्ध_देशी, केसात गुलाब माळायला ना नाही. पण हल्ली बाजारातला लांब दांड्याचा गुलाब नाकाला लावून बघा. बहुतेकांना वासच नसतो. रंग, टिकाऊपणा आणि दांडी बघून जाती निवडत गेले आणि सुगंध मागे पडला. फ्रेंच संशोधकांनी २०१५ मध्ये दाखवलं की गुलाबात जिरॅनिऑल तयार करायला एक विशिष्ट एन्झाइम लागतं आणि बिनवासाच्या जातींत त्याचं काम जवळपास बंद असतं. देशी गुलाबाला वास आहे, पण तो पांढरा नसतो आणि संध्याकाळपर्यंत मान टाकतो.

राहिलं विष. नैसर्गिक गुलाबाच्या तेलात मिथाइल युजेनॉल असतं, त्याच्या प्रमाणावर सुगंध उद्योगात मर्यादा आहे. आणि तुमच्या बाजूनेही सांगतो: लिलियल नावाचं एक कृत्रिम द्रव्य पांढऱ्या फुलांच्या परफ्यूममध्ये सर्रास असायचं, युरोपीय संघाने ते १ मार्च २०२२ पासून सौंदर्यप्रसाधनांत बंद केलं, प्रजननाला घातक ठरवून. तेव्हा एकेक द्रव्य तपासायचं असतं, निसर्ग की कारखाना यावर निकाल लागत नाही.

एक राहिलं. ताज्या गुलाबाचा जो ओळखीचा, पाणीदार वास असतो तो मोठ्या अंशी फिनाइल इथाइल अल्कोहोलचा. ते पाण्यात विरघळतं. म्हणून ऊर्ध्वपातनात त्यातलं बरंचसं गुलाबपाण्यात जातं आणि वर तरंगणाऱ्या तेलात थोडंच उरतं. लाखमोलाच्या रूह गुलाबापेक्षा, म्हणजे निव्वळ गुलाबतेलापेक्षा, कधी कधी साधं चांगलं गुलाबपाणी फुलाच्या जास्त जवळ वाटतं ते यामुळे. पांढऱ्या गुलाबाच्या रचनेत हे द्रव्य बहुधा सढळ हाताने घातलेलं असतं.

---

शुद्ध_देशी

ठीक. लिलियलचं माहीत नव्हतं. गुलाबपाणी चालेल मग.

---

पुणेस्थित_सोलापुरी

सई, तुमच्या पहिल्या प्रश्नाला कुणी नीट हात घातला नाही. माझ्या मते तुमचा परफ्यूम उडतो त्याहून जास्त तुमचं नाक त्याला सोडून देतं. मी बाटल्या जमवतो, बायको त्याला आजार म्हणते, त्यामुळे यावर थोडं बोलायचा हक्क आहे.

वास सतत आला की नाक त्याची दखल घेणं थांबवतं, हे सगळ्यांना माहीत आहे. पण तुमच्या बाटलीत याहून खोडकर गोष्ट आहे: व्हायोलेट. त्याचा वास आयोनोन नावाच्या द्रव्यांचा. आयरिसचा पावडरी वासही त्यांच्याच नात्यातला. आयोनोन नाकाला पटकन थकवतं. येतं, जातं, जरा दुसरीकडे श्वास घेतला की अचानक परत येतं. व्हायोलेट असलेल्या परफ्यूमबद्दल 'गेला वाटलं आणि जिना चढताना परत आला' असं लोक म्हणतात ते यामुळे. शिवाय बीटा-आयोनोन सगळ्यांना सारखं येतच नाही. २०१३ मध्ये न्यूझीलंडच्या संशोधकांनी दाखवलं की ओआर-५-ए-१ या एका जनुकातल्या फरकाने काहींना ते फुलासारखं येतं आणि काहींना फारसं येत नाही किंवा आंबूस लागतं. मस्कचंही तसंच, काही मस्क काही लोकांना अजिबात येत नाहीत. तुमच्या बाटलीचा शेवट म्हणजे पावडर आणि मस्क. तुमच्या नाकाला नेमका तोच भाग येत नसेल तर तुमच्यासाठी परफ्यूम तिथेच संपला, आणि अहोंसाठी तो चालू आहे. बिचारे खरं बोलत असतील.

'प्रत्येकाच्या त्वचेची केमिस्ट्री वेगळी' हे वाक्य दुकानदारांनी फार वाजवलंय. तेलकटपणा, तापमान, घाम आणि आधी लावलेली साबण-पावडर, एवढ्यात बराचसा हिशेब मिटतो. बाकी फरक नाकाचा.

आणि हवा. सोलापूरची कोरडी हवा नाकालाही कोरडं करते. दमट हवेत वास जास्त कळतो. मला हाच प्रकार मुंबईत मामाकडे गेल्यावर दुप्पट वाटतो. त्यामुळे मे महिन्यात सोलापुरात बसून परफ्यूमला नावं ठेवू नयेत. जूनच्या पहिल्या पावसानंतर मारा आणि मग ठरवा.

पांढऱ्या गुलाबाची ही ठेवण इंग्रजांची जुनी आवड आहे. लंडनच्या जर्मिन स्ट्रीटवर फ्लोरिस हे दुकान १७३०पासून आहे, त्यांच्या जुन्या सुगंधांत व्हाइट रोझ आहे. मोठा दरवळ मागे सोडणं त्या लोकांत असभ्य मानत असावेत, असं आपलं मला वाटतं. वास फक्त मिठीच्या अंतरावर. आपण मात्र लग्नाच्या हॉलच्या दारात गुलाबपाण्याने पाहुण्याला भिजवणारे. अपेक्षाच वेगळी.

---

कडक_भाकरी

मिठीच्या अंतरावर म्हणं. सोलापुरात उन्हाळ्यात मिठी कोण मारूलालंय बे?

---

सातरस्ता_सई

सगळ्यांचे आभार, आणि शुद्ध_देशींचे विशेष, त्यांच्यामुळे मास्तर पुन्हा लिहिते झाले.

अक्कांचा नॅपकिनचा प्रयोग केला. चकित झाले. संध्याकाळी नॅपकिनवर अजून देठाचा हिरवा वास आणि साबण शाबूत, गुलाब त्याच्या मागे उभा. पण सगळं एकाच जागी थिजलेलं, सकाळपासून हललेलंच नाही. मनगटावर हिरवा कधीच गेला होता, पण गुलाब मऊ झाला होता, दुधाळ, किंचित खारट. हा बदल मला नॅपकिनपेक्षा आवडला. म्हणजे टिकवायचा असेल तर कापड, आणि ऐकायचा असेल तर कातडी, असं माझं मत झालंय. मनगटावरचा आला कसा म्हणाल, तर मी गच्चीवर वाळवणं काढून खाली आले आणि हात जवळ नेला तेव्हा. घरात बसून हुंगत होते तोवर नव्हता. पुणेस्थितांचं म्हणणं पटलं.

डॉक्टरांच्या सांगण्यावरून अंघोळीनंतर बिनवासाचं क्रीम आणि गळ्याच्या हाडाखाली, ब्लाउजच्या आत एक फवारा. दुपारी बारानंतरही येतो. मंद, पण येतो. शाळेत शेजारच्या वर्गावरच्या बाईंनी आपणहून विचारलं, 'आज कुठली पावडर?' गुलाब त्यांना ओळखूच आला नाही. त्यांना आयरिस आलं असणार.

एक नोंद उन्हाबद्दल. सकाळी सात-साडेसातला मारला तर सगळे टप्पे सावकाश दिसतात. अकराला मारून बाहेर पडलं की पहिले दोन टप्पे एकमेकांवर आदळतात, आणि साबण जरा कडवट, धातूसारखा लागतो. संध्याकाळी सिद्धेश्वर तलावाकडे वारं असतं तेव्हा सर्वांत सुंदर. बाटली ड्रेसिंग टेबलावरून उचलून लाकडी कपाटात ठेवली, उजेड आणि उष्णता दोन्ही वाईट असं वाचलं म्हणून. आमच्या पश्चिमेच्या खोलीत दुपारी जे होतं ते कुठल्याही इंग्रजाने बाटली भरताना कल्पिलं नसेल.

आणि हो, अहोंची माफी मागितलेली नाही. चहा दिला.

---

फाया

सईताई, धातूसारखा लागला तो रोझ ऑक्साइडचाही असू शकतो, गुलाबात असतोच. मास्तर सांगतील. फ्रीजमध्ये ठेवू नका म्हणणारेही भेटतील, पण सोलापुरात मे महिन्यात फ्रीजच्या दारात ठेवलेली बाटली कपाटातल्यापेक्षा बरी. फक्त घट्ट बंद, आणि शेंगाचटणीच्या डब्यापासून लांब.

---

रसायन_मास्तर

रोझ ऑक्साइड शक्य आहे, लिचीलाही त्याचाच वास. पण अल्डिहाइड तापले तरी कडवट लागतात. दोन्हीपैकी कोणतं ते नुसतं वाचून सांगणं कठीण. मला बाटली पाठवा.

---

काठीमागे_चाललेला

उशिरा आलो. माझा प्रश्न वेगळा आहे. संक्रांतीच्या गड्ड्याला, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेत, नंदीध्वजासोबत चालताना आम्ही पांढरी बाराबंदी घालतो. दिवसभर चालणं, गर्दी, खोबऱ्याचे हार, घाम. जानेवारी असला तरी दुपारी तापतंच. असला मंद, स्वच्छ वास त्या दिवशी मला हवासा वाटतो, डोकं उठवणारा नको. पण कपड्यावर डाग पडेल का? आई फाडून खाईल.

---

पूर्वभाग_अक्का

अत्तराचा डाग पडतो, तेलच ते. सुती पांढऱ्यावर तर पिवळा पडून बसतो. स्प्रे पाण्यासारखा असला तरी जवळून मारला की सुकल्यावर कड दिसते, रंग घातलेला असेल तर जास्तच. बाराबंदीच्या आत सुती बनियन घालता ना? त्याला आदल्या रात्री मारून वाळत टाका.

---

फाया

अक्का बरोबर बोलल्या. भावा, बनियनला छातीच्या बाजूला मारू नको, पाठीवर वरच्या भागात मार. पुढून घामाने आणि हारांच्या ओलीने लगेच जातो. मागे चालणाऱ्याला येईल, आणि तुला वाऱ्याची दिशा बदलली की. स्प्रे नसेल तर वेशीत ये, लहान कुपीत भरून देतो. बेस काय आहे ते न विचारता सांगेन.

---

कडक_भाकरी

फायाभाई, दोन कुप्या भरा. एक मला. बायकोला सांगू नका कशाला ते.